देठ वर ठेवलेली मिरची

एबेनेझर पेन,
सेंट एलिझाबेथ, जमैका
१४ जानेवारी १९९१

प्रिय सिल्डा,

काल सकाळी मी आईची डची खाली काढली. आई गेल्यापासून ते जाड भांडं स्वयंपाकघराच्या फळीवर पालथं पडून होतं, आणि आत एका कोळ्याने संसार थाटला होता. मी त्याची क्षमा मागितली, त्याला दाराबाहेर सोडलं आणि भांडं राखेने घासलं. साबण लावला नाही. एवढं तरी मला आठवतं की त्या भांड्याला आई साबण लागू देत नसे.

हे सगळं तुझ्या नाताळच्या पत्रामुळे. तू विचारलंस, आई रविवारी कोंबडीचा स्ट्यू करायची तो नेमका कसा. सिल्डा, तू त्या घरातली मुलगी, आणि विचारतेस मला! आई पुरुषांना स्वयंपाकघरात उभं राहू देत नसे. "तुम्ही आत आलात की माझ्या हातून मीठ जास्त पडतं," म्हणायची. तेव्हा मला जे ठाऊक आहे ते सगळं उंबऱ्याबाहेरून पाहिलेलं.

शनिवारी संध्याकाळी कोंबडी लिंबाच्या पाण्यात धुवायची. कांदापात, थाइम, लसूण, ठेचलेले पिमेंटोचे दाणे, मीठ असं सगळं चोळून रात्रभर झाकून ठेवायची. रविवारी पहाटे तो मसाला तुकड्यांवरून झटकून बाजूला ठेवायचा, फेकायचा नाही. डचीत खोबरेल तेल तापवायचं, त्यात लाल साखर जाळायची, आणि ती पुरती काळी होण्याच्या अगदी आधी तुकडे टाकून परतायचे. मग मसाला परत घालायचा, गाजर, पाणी, वरती एक अख्खी पिवळी मिरची. झाकण घालून कोळसे मंद करायचे आणि टोपी घालून देवळात जायचं.

मी सगळं तसंच केलं. फक्त साखर काळी होण्याच्या आधीचा तो क्षण आला तेव्हा मी आईचा विचार करत होतो. तेवढ्यात साखरेने आपलं उरकून घेतलं. तरीही तुकडे परतले, झाकण ठेवलं आणि देवळात गेलो. पाळकसाहेबांचं प्रवचन काल लांबलं. परत आलो तेव्हा वास मला फाटकाशीच भेटला. तळाची कोंबडी कोळसा झाली होती. वरची खाल्ली. अन्न टाकायचं नाही म्हणून खाल्ली.

आईच्या वेळी करपत नसे, कारण तेव्हा मर्लीन होती. तुला आठवत असेलच, आपण रविवार पाळणारे आणि दगडी गडग्यापलीकडचं मर्लीनचं घर शनिवारचा शब्बाथ पाळणारं. रविवारी आपण देवळात गेलो की मर्लीन येऊन भांडं बघायची, कोळसे सारायची. शनिवारी ती तिच्या देवळात गेली की आई तिच्या बकऱ्या सावलीत न्यायची, पाणी दाखवायची. हे कुणी बसून ठरवलेलं नव्हतं. मर्लीन सोळा-सतरा वर्षांची असल्यापासून चाललं होतं.

आई गेल्यावर बकऱ्यांचं मी चालू ठेवलं आहे. त्यात कुणाला वावगं दिसत नाही, कारण बकऱ्यांना स्वयंपाकघर नसतं. पण मर्लीनने एकट्या पुरुषाच्या स्वयंपाकघरात यायचं म्हणजे एबेनेझर पेन गावच्या लोकांना वर्षभराचा विषय. म्हणून ती येत नाही आणि मीही बोलावत नाही. आपल्या कोंबड्या मात्र अजून दर रविवारी गडग्याशी जाऊन उभ्या राहतात. मर्लीनचा आवाज आला की अशा धावतात, जणू त्यांना रोज दाणे मी टाकतच नाही. त्यांना तिच्यात काय दिसतं ते त्यांनाच माहीत.

बाकी ठीक. पाऊस नाही, पण गवत अंथरल्यामुळे कांदापात तगून आहे. मर्लीनच्या भावाने टोरंटोहून तिचे कागद केले आहेत. ईस्टर झाला की जाईल म्हणतात. चांगलंच आहे. भाऊ आहे, नोकरी मिळेल.

तुझ्या पायाचं प्लास्टर निघून इतके महिने झाले, अजून दुखतो का ते लिही. क्लिफ्टनला नमस्कार.

तुझा भाऊ,
लेम

*

बर्मिंगहॅम
२ फेब्रुवारी १९९१

प्रिय लेम,

जो माणूस कोळ्याची क्षमा मागतो त्याच्या हातून साखर जळणारच. त्यात नवल ते काय!

तुझं पत्र आलं त्याच शनिवारी मी कोंबडी आणली. इथली कोंबडी कशी असते तुला सांगून कळायचं नाही. सगळ्या एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या, कुणी कधी अंगणात पळालेली नाही. तरी लिंबाने धुतली, मसाला चोळला, रात्रभर ठेवली. आपल्या लोकांच्या दुकानातून पिवळी मिरची आणली, ती सोन्याच्या भावाने. साखर मी जाळली नाही हं. मी त्या वेळी कुणाचाही विचार करत नव्हते.

रंग असा आला की मीच खूश झाले. क्लिफ्टनने पहिला घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि पाणी प्यायला. मग म्हणतो, "आयसिल्डा, ही तुझ्या आईची कोंबडी नाही. ही तुझी स्वतःची आहे, आणि ती कशावरून तरी चिडलेली आहे."

मी म्हटलं, "तू चांगलं खाणं विसरलास."

तो म्हणाला, "मी काही विसरलो नाही. तुझ्या आईच्या स्ट्यूला मिरचीचा वास पुढच्या खोलीपर्यंत यायचा, पण जीभ जागेवर राहायची. ही बघ माझी जीभ."

आणि लेम, त्याचं खरं आहे. मी पुन्हा दोनदा करून पाहिला. मिरची अर्धी घातली तर वासही अर्धा आणि तिखट मात्र तेवढंच. मिरची घातलीच नाही तर ते हॉस्पिटलचं जेवण. मी तिथे इतकी वर्षं शिजवलंय, मला ओळखू येतं. आईचं कसं होतं? बाबा आठवतात ना, दर रविवारी पहिल्या घासाला, "आजकालच्या मिरच्यांत दम राहिला नाही." आणि आई काही न बोलता भात वाढायची.

आईला मातीत ठेवलं तेव्हा मी इथे पाय टांगून पडले होते. तुम्ही सगळ्यांनी तिच्यासाठी गाणी म्हटली, मी भिंतीकडे बघत होते. मला तिची ओढणी नको, बांगडी नको. एका रविवारी माझ्या टेबलावर तिचा स्ट्यू असावा एवढंच मला हवं आहे. हसू नकोस.

भांड्यापाशी शेवटपर्यंत असायची ती मर्लीन. तिला विचार ना! ती जायच्या आत विचारून घे, नाहीतर जे काय आहे ते तिच्याबरोबर टोरंटोला जाईल आणि तू बसशील कोळ्याशी बोलत.

तिचं जमलं हे फार बरं झालं. त्या ओसाड लाल मातीत तिने तरी किती दिवस काढायचे? तिला सांग, लोकरीचे मोजे दोन जोड घालायचे, एकाने काही होत नाही. तूही खरं तर इकडे यावंस. आता तिथे तुझं आहे कोण?

तुझी,
सिल्डा

*

एबेनेझर पेन
१८ फेब्रुवारी १९९१

प्रिय सिल्डा,

विचारलं. आणि जे कळलं ते वाचायला खाली बस.

परवा शनिवारी संध्याकाळी गडग्याशी गेलो. मर्लीन डब्याने थाइमच्या वाफ्याला पाणी घालत होती. माझ्याकडे न बघताच, पण नेहमीच्या अदबीने म्हणाली, "मास लेम, तुम्ही सूर्य बुडायची वाट बघत उभे होतात. मघापासून बघतेय मी."

म्हटलं, "तुमचा शब्बाथ मोडायला नको म्हणून."

"गडग्यापलीकडून बोलल्याने मोडत नाही. आणि बुडालाय आता. बोला."

मी तुझी सगळी हकिकत सांगितली, क्लिफ्टनच्या जिभेसकट. ती हसली. मग डबा खाली ठेवला आणि मला म्हणाली, "हे कोण विचारतंय? तुम्ही की आयसिल्डा?"

"सिल्डा विचारतेय."

"मग सांगते. तुम्हाला नसतं सांगितलं."

"माझं काय चुकलं?"

"तुम्ही आईंचे लाडके. त्यांच्या जिवंतपणी तुम्हाला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत त्यांना कळलं असतं. तुमच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, मास लेम." मग पुढे म्हणाली, "सगळं म्हणजे, बहुतेक."

मग तिने सांगितलं. कोळसे सारायचे, रस्सा आटला तर पाणी घालायचं, एवढंच तिचं काम. आणि मिरची काढायची.

"मिरची काढायची म्हणजे?"

"म्हणजे काढायची! उकळी येऊन वास घरभर झाला, की फुटायच्या आत देठाला धरून उचलायची. आमच्या देवळात तेव्हा शिकवलं होतं, तिखटाने पोट तापतं आणि पोटाबरोबर डोकं. तुमचे बाबा रविवारी दुपारी कसे खेकसायचे! मला वाटलं, हे मिरचीचंच काम. मी सोळा वर्षांची होते. म्हटलं, एवढं तरी शेजाऱ्यांसाठी करावं."

"आणि बाबांचं खेकसणं थांबलं?"

"नाही. मग ते मिरचीत दम नाही म्हणून खेकसायला लागले."

सिल्डा, मी गडग्याला टेकून इतका हसलो की तिची बकरी घाबरली. मी विचारलं, ती मिरच्या टाकायची कुठे. तिने माझ्या पाठीमागे बोट दाखवलं. मागे आपल्या सगळ्या कोंबड्या येऊन उभ्या होत्या, माना वर करून. "त्यांना तिखट लागत नाही," ती म्हणाली. "पाखराच्या जातीला लागत नाही. रविवारची वाट बघायच्या बिचाऱ्या."

"दर रविवारी?"

"दर रविवारी. एकदा आईंनी दोन टाकल्या होत्या. मी दोन्ही काढल्या."

मग मी विचारलं, रस्सा बरोबर झालाय हे ती चाखून बघायची का. ती माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागली, जणू मी एवढ्या वर्षांत तिच्याबद्दल काहीच शिकलो नाही. "मी मांस खात नाही, मास लेम. वासावरून कळतं."

रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या ध्यानात आलं, की ज्या चवीसाठी तू परक्या देशात जीव टाकते आहेस, ती चव जिच्या हातून पूर्ण व्हायची तिने ती कधी जिभेवर घेतलेली नाही. मी प्रार्थना करायला बसलो होतो, पण बराच वेळ याच्या पुढे जाता आलं नाही.

आईला हे ठाऊक होतं का, तेही विचारलं. "देवा, नाही!" म्हणाली. "त्यांनी मला गडग्यापलीकडे फेकून दिलं असतं." मलाही तसंच वाटतं. आईच्या भांड्यात हात घालणं म्हणजे काय हे तुला सांगायला नको.

तर तुझा स्ट्यू असा. मिरची ठेव आणि वास भरला की काढ.

आणखी एक. हे का लिहितो आहे मला नीट सांगता येत नाही. खूप वर्षांपूर्वी मी मर्लीनची पाण्याची टाकी दुरुस्त करून उशिरा घरी आलो होतो. आई घेवडा निवडत बसली होती. वर न बघता म्हणाली, "शनिवारवाली आणि रविवारवाला एका चुलीवर कसे नांदतील, लेम?" रागाने नाही, अगदी सहज. मी हात धुतले आणि जेवायला बसलो. तो विषय पुन्हा निघाला नाही. मर्लीनच्या मंडळीतही तेच सांगतात, बैल आणि घोडा एका जुवाला जुंपू नयेत. सगळे शहाणे लोक आहेत.

मोज्यांचा निरोप दिला. ती म्हणाली, चार जोड नेईन.

तुझा,
लेम

*

एबेनेझर पेन
२५ फेब्रुवारी १९९१

प्रिय सिल्डा,

मागच्या पत्रातला शेवटचा भाग वाचला नाहीस असं समज. पोस्टातून परत घेता येत असता तर घेतला असता.

मर्लीनचं तिकीट आलं. ईस्टरनंतरच्या आठवड्यातलं आहे. तिने मला विचारलं, बकऱ्या ठेवून घ्याल का. मी हो म्हणालो. ती म्हणाली, "म्हणजे आता शनिवारबरोबर बाकीचे दिवसही तुमच्याकडेच." मी पुन्हा हो म्हणालो. ती थोडा वेळ उभी राहिली. मी काळ्या बकरीच्या खुराबद्दल विचारलं.

या रविवारी मी स्ट्यू केला नाही. उकडलेलं कच्चं केळं आणि खारा मासा खाल्ला.

लेम

*

बर्मिंगहॅम
८ मार्च १९९१

प्रिय लेम,

तुझी दोन्ही पत्रं एकाच सकाळी दारात पडली. न वाचायचं पत्र मी आधी वाचलं.

स्ट्यूचं सांगून टाकते. केला. मिरची ठेवली, शेजारी खुर्ची टाकून नाक लावून बसले, वास पडद्यांना लागला तशी काढली. क्लिफ्टन जेवायला बसला. एक घास, दोन घास. मी म्हटलं, "आता काय झालं?" तर डोळे पुसत म्हणतो, "आजकालच्या मिरच्यांत दम राहिला नाही." मग आम्ही दोघं म्हातारी त्या टेबलाशी बसून रडलो आणि भांडं पुसून खाल्लं.

आता माझं ऐक. मिरची हातात धरली आणि मला एक गोष्ट आठवली. इतकी वर्षं ती माझ्यापाशी होती आणि मला तिचा अर्थ ठाऊक नव्हता.

मी एकोणऐंशी साली घरी आले होते. रविवारची सकाळ. आईने टोपी घातलेली, हातमोजे घातलेले, तू बाहेर हाका मारत होतास. आई मला म्हणाली, "मिरची तू ठेव, माझे मोजे खराब होतील." मी ठेवली. तिने वाकून बघितलं आणि म्हणाली, "अशी आडवी नाही. देठ वर ठेव."

मी म्हटलं, "काय फरक पडतो?"

म्हणाली, "काढताना धरता आली पाहिजे. पोरीची बोटं भाजतील."

मला वाटलं पोरगी म्हणजे मी. मग आम्ही देवळात गेलो. लेम, मी देवळात तिच्या शेजारी बसले होते! मग भांड्यापाशी कोणती पोरगी होती?

तिला ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक असलं पाहिजे. आपल्या भांड्यातली मिरची आपणच ठेवलेली, आणि घरी येऊन पाहावं तर नाही, हे काय आईच्या नजरेतून सुटणार होतं? आणि त्या दोन मिरच्या तिने विसरून टाकल्या असं तुला वाटतं? तिला बघायचं होतं, ही पोरगी दोन्ही काढते का. बाबा खेकसायचे तेव्हा ती गप्प भात वाढायची. आता मला तिचा तो चेहरा दिसतो. ती हसू दाबत होती रे!

ज्या बाईने मला, तिच्या पोटच्या मुलीला, लग्न होईपर्यंत त्या भांड्याचं झाकण उचलू दिलं नाही, तिने मर्लीनचा हात त्या भांड्यात चालवून घेतला. नुसता चालवून घेतला नाही, तिची बोटं भाजू नयेत म्हणून देठ वर ठेवला. यापेक्षा जास्त आई कुणाला काय म्हणणार होती?

आणि तो घेवडा निवडतानाचा प्रसंग. "कसे नांदतील, लेम?" असं तिने तुला विचारलं. तुला वाटलं ती नाही म्हणतेय. मला वाटतं ती विचारत होती. तू उत्तर दिलं नाहीस. हात धुऊन जेवायला बसलास.

बैल आणि घोड्याचं मला सांगू नकोस. शनिवारी आपण तिच्या बकऱ्या राखल्या, रविवारी तिने आपलं भांडं राखलं. एका चुलीवर कसे नांदतात ते तुम्ही आयुष्यभर करून दाखवलंत, मधे फक्त एक गडगा होता.

इकडे ये म्हणाले होते ते मी मागे घेते. तिथे तुझं कोण आहे असं विचारलं होतं, तेही.

ती ईस्टरनंतर जाणार. हे पत्र तुला कधी मिळेल देव जाणे. बकरीच्या खुराबद्दल पुन्हा विचारलंस तर माझ्याशी गाठ आहे.

तुझी,
सिल्डा

*

एबेनेझर पेन
२५ मार्च १९९१

प्रिय सिल्डा,

तुझं पत्र गेल्या बुधवारी मिळालं. तीन दिवस ते सदऱ्याच्या खिशात घेऊन शेतात वावरलो. गवत अंथरताना काढून वाचायचो, परत ठेवायचो. त्याला आता लाल माती लागली आहे.

शनिवारी मर्लीन देवळात गेली. मी तिच्या बकऱ्या सावलीत बांधल्या, पाणी दाखवलं, आणि मग आपल्या स्वयंपाकघरासमोर गडग्यातले दगड काढायला लागलो. तो गडगा आजोबांनी रचलेला. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. मला वाटलं होतं दुपार होईल, पण वरचे दोन थर निघाले आणि बाकीचे जणू वाटच बघत होते. एक माणूस टोपलीसकट जाऊ शकेल एवढी वाट झाली. मग घाबरलो आणि घरात जाऊन बसलो.

ती परत आली तेव्हा मी खिडकीतून बघत होतो. वाटेपाशी थांबली. बराच वेळ थांबली. मग घरात गेली. सूर्य बुडाला तरी बाहेर आली नाही. रात्री मी कोंबडीला मसाला चोळला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

काल झावळ्यांचा रविवार. पहाटे साखर जाळली, आणि त्या वेळी कुणाचाही विचार केला नाही. तुकडे परतले, मसाला घातला, पाणी, गाजर. मिरची ठेवली, देठ वर. स्वयंपाकघराचं दार उघडं टाकलं आणि देवळात गेलो. हातात झावळी होती, गाणी म्हणत होतो, पण पाळकसाहेब काय बोलले ते तू विचारू नकोस. देवाने माझी तेवढी गैरहजेरी मांडू नये अशी प्रार्थना मात्र केली.

फाटकाशी आलो. करपल्याचा वास नव्हता. मिरचीचा होता, अगदी आईच्या वेळेसारखा. कोंबड्या वाटेपाशी काहीतरी पिवळं टोचत होत्या, एकमेकींच्या तोंडातून ओढत होत्या.

मर्लीन आत, आईच्या बुटक्या स्टुलावर बसली होती. देवळात जाताना घालते ती टोपी तिच्या डोक्यावर होती. तिचा तर तो वारही नव्हता.

"मास लेम," म्हणाली, "तुमचा गडगा पडलाय."

"पडला नाही. मी काढला."

"माझ्या बकऱ्या तुमच्या कांदापातीत शिरतील."

"शिरू देत."

"हे तुम्ही बोलताय? परवा एका पातीसाठी अर्धा तास बकरीच्या मागे धावलात!" मग हळू म्हणाली, "पुन्हा कधी रचणार?"

"रचायचा नाही."

ती भांड्याकडे बघायला लागली. मी तुझं पत्र काढलं आणि आईने तुला मिरची नीट ठेवायला लावली तो भाग वाचून दाखवला. "पोरीची बोटं भाजतील" इथे आलो तेव्हा मर्लीनने हात वर केला. मी थांबलो. तिने तो हात उलटा करून आपलीच बोटं पाहिली.

"म्हातारीला ठाऊक होतं?" म्हणाली. "पहिल्यापासून?"

"सिल्डा तसं म्हणते."

"आणि मी चोरासारखी येत होते! तुम्ही सगळे वळणापलीकडे दिसेनासे होईपर्यंत झाडामागे उभी राहायची मी!" ती हसायला लागली, आणि हसताहसता टोपी काढून तोंडासमोर धरली, आणि ती खाली यायला बराच वेळ लागला. मी कोळसे सारले. सारायची गरज नव्हती.

मग मी बोललो. रात्री मनात पुष्कळ सुंदर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. म्हटलं, "मिस मर्लीन, शनिवार तुमचा. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत तुमचं रांधून होऊ दे, शनिवारी बकऱ्या आणि घर मी बघेन. रविवार माझा. रविवारी भांडं तुम्ही बघा. मधले दिवस दोघांचे."

ती म्हणाली, "हे कोण विचारतंय? तुम्ही की आयसिल्डा?"

"मी."

तिने टोपी परत घातली, नीट केली, उठली आणि माझ्या शेजारून बाहेर गेली. वाटेतून पलीकडे गेली. मला वाटलं संपलं. भांड्यावरचं झाकण हातात धरून मी तिथेच उभा राहिलो.

मग पलीकडून हाक आली. "लेम!"

सिल्डा, जन्मात तिने मला मास लेमशिवाय हाक मारलेली नाही.

"लेम, तू सगळे दगड माझ्या थाइमच्या वाफ्यावर टाकलेस! एका घरात राहायचं तर थाइम नको का आपल्याला?"

मी धावत बाहेर आलो आणि दगडाला हात घातला. तर ती ओरडली, "आज नाही! आज तुझा दिवस आहे. उद्या उचल."

दुपारी मी एकट्याने स्ट्यू खाल्ला, ती समोर बसून घेवडा-भात खात होती. मी तिला सांगितलं, तो कसा लागतो. तिने बरेच प्रश्न विचारले. गोड किती, मिरची किती, थाइम जास्त झाला का. इतक्या वर्षांत तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

पाळकसाहेबांना आणि तिच्या मंडळीच्या वडीलजनांना भेटायचं आहे. दोन्हीकडे बोलणी खावी लागतील. खाऊ. तिने टोरंटोच्या भावाला पत्र लिहिलं आहे, रागावू नकोस म्हणून, आणि तिकिटाचं काय करायचं ते विचारलं आहे. ते पत्र आणि हे, दोन्ही घेऊन मी आता पोस्टात निघालो आहे.

आज पहाटे सगळे दगड उचलले. वाफा मोकळा केला, मोडलेल्या थाइमच्या काड्या तिने पुन्हा खोचल्या. मर्लीनचं अंगण आपल्यापेक्षा हातभर खाली आहे, ते तुला आठवत असेल. त्यातले चांगले सपाट दगड निवडून मी त्या वाटेत दोन पायऱ्या बसवल्या. हलत नाहीत. मी दोन्ही बाजूंनी चढून-उतरून पाहिलं.

तुझा भाऊ,
लेम